अजिंठ्याच्या घाटातून, गाडी थंड होईपर्यंत

प्रिय अप्पा,

मी घाटात आहे. अजिंठ्याच्या घाटात, अर्ध्याच्या थोडं वर, वळणाच्या पुढं कडेला जराशी मोकळी जागा आहे तिथं. तुमची गाडी माझ्या शेजारी उभी आहे. इंजिन चालू आहे, मागच्या चाकांना दगड लावलेत. हातांना काहीतरी काम पाहिजे म्हणून लिहायला बसलो. कंपनीतल्या पॅकिंगच्या कागदांची मागची बाजू कोरी असते, तसले थोडे कागद समोरच्या कप्प्यात सापडले. तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एकदा लिहीन, लिहीन म्हणत होतो. पण ते असं, घाटात बसून लिहीन असं वाटलं नव्हतं!

अप्पा, मला भीती वाटतेय. तुम्हाला सांगितलं तर चालेल ना? दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. आईला सांगावं तर ती लगेच देव पाण्यात घालते. सोनाली हसते. तुम्हीही हसायचा, पण हसून झाल्यावर निदान बॉनेट उघडून बघायचा तरी.

आधी सगळं नीट सांगतो.

सोनालीला आठवा महिना लागलाय. तिला सोयगावहून आपल्याकडं शेंद्र्याला आणायचं होतं, पहिलं बाळंतपण आहे म्हणून. तिच्या लग्नात तुम्ही व्याह्यांना काय बोलला होता, आठवतं? मांडवात उभे होता, एक हात कुबडीवर, एक माझ्या खांद्यावर. म्हणालात, "पोरीला पहिल्या बाळंतपणाला न्यायला माझी गाडी येईल. भाड्याची नाय येणार."

व्याही कसले ऐकतात! "अहो, तुमची गाडी आपोआप चालती म्हणं. मग तुम्ही कशाला तकलीफ घेता? तिला एकटीलाच पाठवा की!"

सगळा मांडव हसला होता. तुम्हीच सगळ्यात जोरात.

ते बोलणं बाकीचे विसरले. आई विसरली नाही. मी महिनाभर तिला म्हणत होतो, चांगली नवी गाडी ठरवू, ओळखीचा ड्रायव्हर घेऊ. तिचं एकच. "त्यांचा पाय गेला तवा ही गाडी आली. ही गाडी म्हंजे त्यांचा पायच हाय. त्यांनी दिलेला शब्द त्यांच्याच गाडीनं पुरा व्हायचा." यावर मी काय बोलणार? तुम्ही असता तर तुम्ही तरी बोलला असता का?

पण अप्पा, एक विचारू? रागावू नका. तुम्ही उतारावर न्यूट्रल का करायचा हो?

चौक्याचा उतार लागला की तुमचा हात आपोआप गिअरच्या दांडीवर जायचा. खट्ट, न्यूट्रल! गाडी घरंगळत खाली, आणि तुमच्या चेहऱ्यावर देवानं फुकट डिझेल दिल्यासारखा आनंद. ट्रकवर सगळा जन्म गेला तुमचा, तिथं सगळेच करायचे, हे मला कळतं. पण ही ऑटोमॅटिक आहे, एका पायानं चालवता यावी म्हणून घेतलेली. हिच्या गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद होतं, तेल कमी फिरतं, आणि आतली चक्रं मात्र चाकांच्या वेगानं गरागरा फिरत राहतात. मी गाडीसोबत आलेलं पुस्तक वाचलं होतं. दहावीला शाळा सुटली तरी वाचायची सवय सुटली नाही, ती तुम्हीच लावलेली. तुम्हाला वाचून दाखवलं तर म्हणालात, "दत्ता, हे पुस्तक लिवणाऱ्याला इचार, तू कधी लोड घेऊन घाट उतरलास का?"

मागं घेताना गाडी पुरती थांबायच्या आत तुम्ही पुढचा गिअर टाकायचा. आपल्या दारापुढच्या उतारावर हँडब्रेक न ओढता नुसतं पार्किंगवर सोडायचा, म्हणजे सगळ्या गाडीचं ओझं आतल्या एका बोटाएवढ्या खुंटीवर. मी मागून जाऊन हँडब्रेक ओढायचो. तुम्हाला माहीत होतं ना ते? माहीत असणारच.

आणि गिअरबॉक्स जेव्हा बारीक हूं हूं करायला लागला, तेव्हा तुम्ही काय केलंत? गाण्यांचा आवाज वाढवला!

तुमच्या पायाचंही असंच झालं होतं, अप्पा. अंगठ्याला जखम होती, शुगर होती, आणि तुम्ही जखम दिसू नये म्हणून मोजा चढवून हिंडत होता. मोजा काढला तेव्हा पाय गेलेला होता. तेव्हापासून मला बारीक गोष्टींची फार भीती वाटते. बारीक आवाज, बारीक वास, जमिनीवर पडलेला तेलाचा एखादा थेंब. कंपनीत पोरं मला "डॉक्टर" म्हणतात. म्हणू देत.

तर तुम्ही गेल्यावर मी गिअरबॉक्सच्या मागं लागलो. इंजिन गरम करून, चालू ठेवून, तेलाची पट्टी ओढली आणि पांढऱ्या फडक्याला पुसली. हे तेल लाल असतं, सरबतासारखं. आपलं काळपट तपकिरी निघालं, आणि वास जळक्या भाकरीचा. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

चिकलठाण्याच्या युनूसभाईंकडं घेऊन गेलो. तुमचे जुने दोस्त, तुम्ही गेलात तेव्हा सगळ्यांच्या मागं उभे राहून रडत होते. त्यांनी तेल बोटावर घेतलं, चोळलं, नाकाला लावलं.

"ये तेल नहीं रे दत्ता, काढा है. तेरे बाप ने कभी बदला?"

"नाही वाटतं."

"बदलता कैसा? उसको लगता था गाडी उसके डर से चलती है."

मग ते गंभीर झाले. म्हणाले, इतकं जुनं तेल झालं की इंजिनाचा जोर चाकांना देणाऱ्या आतल्या प्लेटा झिजतात आणि झिजलेला चुरा तेलातच राहतो. कधीकधी त्या चुऱ्याच्या जोरावरच प्लेटा एकमेकींना धरून असतात. एकदम सगळं नवं तेल भरलं तर धुऊन निघतात आणि घसरायला लागतात. नाही बदललं तर जळून मरणार.

मी विचारलं, "मग काय करू?"

"मेरे को पूछता? मैं तो दोनों देखा हूं. बदल के जी गई वो भी देखा, बदल के मर गई वो भी."

अप्पा, मला अशी उत्तरं सहन होत नाहीत! कुणीतरी छातीवर हात ठेवून "असं कर" म्हणावं लागतं मला. घरात ते काम तुमचं होतं. तुम्ही चुकीचं सांगायचा, पण ठामपणे सांगायचा. मी रात्रंदिवस विचार केला, आणि मग युनूसभाईंनीच मधला रस्ता काढला. अर्धं तेल काढायचं, अर्धं नवं घालायचं. थोडे दिवस हळू चालवायची, मग परत अर्धं. म्हणजे तिला झटका बसत नाही, सवय होत जाते. तेल गाळणारी जाळी साफ केली, गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या नळ्यांवरचा चिखल काढला. पहिलं अर्धं बदललं आणि गाडी काय गुळगुळीत चालली! मी एकटाच जालना रोडवर रडलो, खोटं कशाला सांगू.

दुसरं अर्धं या आठवड्यात बदलायचं होतं. पण आईनं पंचांग काढलं. अमावस्येच्या आत लेक घरी आली पाहिजे, नाहीतर मग अमुक आणि मग तमुक. मी म्हटलं, "आई, तेल राहिलंय." ती म्हणाली, "तेल काय पळून चाललंय का?"

काल आईला घेऊन सोयगावला गेलो, तेव्हा घाट उतरताना काही झालं नाही. दांडी खालच्या गिअरला ओढून ठेवली, ब्रेकला जपलं, हळूहळू उतरलो. एका ठिकाणी माझाही हात न्यूट्रलकडं गेला, अप्पा! शपथेवर सांगतो, मी नेला नव्हता, गेला. तुमच्या शेजारी बसून बसून माझ्या हातानंही शिकून ठेवलंय. मी स्वतःच स्वतःच्या हातावर चापट मारली. आई म्हणाली, "डास हाय का?"

आज सकाळी सोनालीला घेऊन निघालो. ओटी भरली, दाजींनी मागच्या सीटवर गादी टाकून दिली, तिच्या सासूबाईंनी गव्हाचं पोतं, लोणच्याची बरणी आणि दोन बॅगा डिकीत कोंबल्या. मी "पोतं राहू द्या" म्हणालो तर दाजी म्हणाले, "का? तुमच्या गाडीला गहू चालत नाय का?" तिथं बोलायला हवं होतं. ओझ्यानं गिअरबॉक्स तापतो हे मला माहीत होतं. पण सोयरिकीच्या घरी गव्हाचं पोतं परत करायचं कसं, हे कोणत्याही पुस्तकात नसतं.

फर्दापूरपर्यंत ठीक. घाट सुरू झाला आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. दोन ट्रॉल्या. त्याच्या मागं आम्ही गोगलगाईसारखे, आणि ऊन नुसतं काचेतून आत ओततंय. थांब, चाल, थांब, चाल. चढावर असं रांगायचं म्हणजे गिअरबॉक्ससाठी तापच. मला वास आला. तोच, जळक्या भाकरीचा. सोनाली म्हणाली, "दादा, कुणाच्यातरी शेतात काहीतरी पेटवलंय." मी "हो" म्हणालो. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

त्या आखूड वळणावर ट्रॅक्टर थांबला. मीही थांबलो. तो निघाला, मी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं, पण गाडी पुढं गेलीच नाही. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर चढतोय आणि गाडी जागेवर! मग ती मागं सरकली, अप्पा. फार नाही, हातभर. माझ्या मागं ट्रक होता. त्यानं जो हॉर्न वाजवला तो अजून माझ्या कानात आहे. सोनालीनं दोन्ही हात पोटावर धरले. आरशात मला फक्त तिचे हात दिसले.

मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. दांडी खालच्या गिअरला टाकली, श्वास धरला, हळूच पाय दिला. एक झटका बसला, गाडीनं धरलं, आणि मी रडतखडत या मोकळ्या जागेपर्यंत आलो. दगड शोधून चाकामागं लावले. मग मी त्या दगडांशेजारी खालीच बसलो.

एक दुचाकीवाला थांबून म्हणाला, "इंजिन बंद कर की! पाणी मार बॉनेटमध्ये!" तुम्हीही तेच केलं असतं, बाटलीभर पाणी ओतून मोकळे. पण युनूसभाईंनी बजावलं होतं, तापली तर पार्किंगवर टाकून चालूच ठेव. इंजिन चाललं तर तेल नळ्यांतून फिरतं, फिरलं तरच निवतं. लोक मला वेडा म्हणाले असतील. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध आहे का, एवढं मात्र सारखं बघत होतो.

आणि मग मला ठरवायचं होतं. फोनला रेंज नाही. आई पदरानं सोनालीला वारा घालत होती, सोनालीचे पाय सुजलेले. गाडी निवेल. पण पुढच्या वळणावर परत घसरली तर? परत मागं सरकली आणि या वेळी धरलंच नाही तर? उजव्या बाजूला दरी आहे अप्पा. मी बघणार नाही म्हणत होतो, तरी बघितली.

तेवढ्यात एक व्हॅन थांबली. सिल्लोडची मंडळी, लग्नाहून परतणारी. चालवणारा मुलगा, त्याची बायको आणि पुढच्या सीटवर हिरव्या काचेच्या बांगड्या घातलेली त्याची म्हातारी आई. तिनं काचेतून डोकं काढलं. "क्या हुआ बेटा?" सोनालीकडं नजर गेली आणि ती खाली उतरलीच. "अगे माय! आठवा चल रहा? धूप में कायको बिठाया इसको? चल बेटी, तू सामने बैठ, मैं पीछे बैठती."

सोनाली हललीच नाही. "मी नाय जाणार. अप्पांनी शब्द दिलाय. ही गाडी निवू दे, मी बसते इथंच."

आईसुद्धा म्हणाली, "दत्ता, थोडं थांबू. ह्यांची गाडी अशी मधीच नाय सोडायची."

आणि मी ओरडलो. मी! आईवर मोठ्यानं बोललेलं तुम्हाला आठवतं का कधी? म्हणालो, "अप्पांनी सोनालीला घरी न्यायचा शब्द दिलाय. गिअरबॉक्स सांभाळायचं माझ्यावर सोडा. दोघी उतरा. उतरा म्हणतो ना!"

म्हातारी म्हणाली, "बाई, लडका ठीक बोलतोय. गाडीला काय घेऊन बसलात? लेकरू वर न्या आधी." मराठी तिची आपल्या सोयगावच्या माणसांसारखीच. आईनं पदर नीट केला आणि उतरली. सोनाली उतरताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "वर आलास की बघते तुला." त्या मुलानं स्वतःहून गव्हाचं पोतं व्हॅनमध्ये टाकलं. म्हणाला, वर अजिंठ्यात शिरताना चहाचं हॉटेल आहे, तिथं बसवतो, गाडी आली नाही तर सिल्लोडला घरी नेतो.

गेले ते. वळणाआड व्हॅन दिसेनाशी झाली तेव्हापासून मी तुम्हाला लिहितोय.

चुकलो का अप्पा? अनोळखी माणसांच्या गाडीत पोटुशी बहीण बसवली. त्या मुलाचं नावसुद्धा विचारलं नाही! गाडीचा नंबर बघितला, आणि बघताबघता विसरलो. मी, विसरलो! आता नुसता विचार येतो, त्या व्हॅनलाच काही झालं तर? तिला कळा सुरू झाल्या तर? आईला काय कळणार? फोन हातात धरून रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आलो, एक काडी येत नाही. माकडं कठड्यावर बसून माझ्याकडं बघताहेत. त्यांना काय वाटत असेल?

आणि एक वाईट गोष्ट सांगू? व्हॅन गेल्यावर मला आधी गाडीची काळजी वाटली. क्षणभरच. मग लाज वाटली. गेलं वर्षभर मी या गिअरबॉक्सचा जीव असा जपत होतो जणू तो थांबला की तुम्ही दुसऱ्यांदा जाल. म्हणून मी आईला ठणकावून "ही गाडी नको" म्हणालो नाही. आईपेक्षा मलाच ती हवी होती.

थांबा. कुणीतरी आलंय.

*

अप्पा, ऐका! दुधाचे कॅन लावलेला एक मोटारसायकलवाला वरून उतरत होता. माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "पांढऱ्या गाडीवाला दत्ता तूच का?"

मी उभाच राहिलो.

"अरं घाबरतो काय! वर हाटेलात तुझी बहीण बसलीय, पाय खुर्चीवर ठिवून. मला हात करून थांबवलं. म्हनली, खाली माझा भाऊ असंल, त्याला सांगा मी पोचले. भजी सांगितलीत. गाडी चढली तर चढली म्हनावं, नाय तर लाव कडंला आन् तू ये."

"अजून काय म्हणाली?"

"म्हनली, नीट सांगा, दचकवू नका, लई भित्रा हाय." आणि हसून निघूनसुद्धा गेला. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

गाडी चढली तर चढली, नाहीतर तू ये. अप्पा, मला इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलंच नव्हतं.

आता इंजिनाचा आवाज शांत आहे. तेलाची पट्टी बघितली, वास आहे पण कमी झालाय. मी निघतो. गाडी रिकामी आहे, ती आणि मी. खालच्या गिअरला, एका चालीत, ट्रॅक्टर दिसला तर त्याला लांब जाऊ देऊन. चाकामागचे दगड रस्त्यात सोडणार नाही. घसरली तर जिथं असेन तिथं लावीन आणि चालत वर जाईन. भीती अजून आहे. घाट संपेपर्यंत राहील, कदाचित शेंद्र्याला पोचेपर्यंत राहील. भीतीला घेऊनच चढतो.

अप्पा, तुम्हाला शब्द देतो. सोनालीला आज घरी नेईन, या गाडीत नाहीतर कुणाच्याही गाडीत. उरलेलं अर्धं तेल बदलीन, चौक्याच्या उतारावर न्यूट्रल करणार नाही, आणि ही गाडी चालेल तितके दिवस जपून चालवीन. पण तिच्यासाठी आपल्या माणसाला पुन्हा कधी घाटात उन्हात बसवणार नाही. ज्या दिवशी ती थांबेल, त्या दिवशी थांबू देईन.

तुमचा,
दत्ता